घासलेला खटका

मित्रांनो, मी एक जुनी पंप बंदूक आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना बहुधा मवाळ होतात. माझं तसं झालेलं नाही. एकतीस वर्षं मी एका माणसावर डूख धरून होते, आणि त्याचं पुढे काय झालं तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका यंत्रावर माझी नळी कोरली गेली, दुसऱ्या खोलीत अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता तासला गेला आणि शेवटी जाड चष्म्याच्या एका बाईंनी माझ्या अंगावर सहा आकडी क्रमांक ठोकला. माझी रचना सोपी आहे. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की आतलं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की दुसरं आत जातं. या ओढाढकलीत आतली हातोडी मागे जाते आणि एका छोट्या खटक्याच्या खाचेत अडून बसते. चाप ओढला की खटका सरकतो, हातोडी सुटते, बार होतो. ती खाच तांदळाच्या दाण्याहून मोठी नसते. माझ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचा जीव तेवढ्याशा खाचेवर असतो.

मी कामाला लागले ती तांब्याच्या तारांच्या एका गोदामात. तिथे पहाऱ्याला एक चौकीदार होते. हमाल त्यांना ‘घड्याळ’ म्हणत, कारण त्यांनी डबा उघडला की बाकीचे आपापली घड्याळं लावून घेत. मला तेल देताना ते माझ्याशी मुलीशी बोलावं तसं बोलत. पाळी संपली की मला रिकामी करायची त्यांची रीत ठरलेली होती. नळीचं तोंड वाळूच्या बादलीत, बोट चापाबाहेर ताठ, आणि मग मूठ मागेपुढे करत एकेक काडतूस बाहेर. सात वर्षांत ही रीत एकदाही चुकली नाही.

माझ्या कपाटाची किल्ली मात्र व्यवस्थापकाकडे होती. त्याला हवेत उडवलेल्या मातीच्या थाळ्या फोडायच्या स्पर्धांचा नाद होता. सुटीच्या दिवशी तो मला घेऊन जाई. माझा चाप त्याला जड वाटायचा. एका रविवारी त्याने मला उघडलं, खटका बाहेर काढला आणि खाचेवर कानस मारली. पाच-सहा हात, बस. चाप लोण्यासारखा झाला. त्याला चषक मिळाला. सोमवारी त्याने मला कपाटात परत ठेवलं आणि कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

अकराव्या दिवशी सकाळी चौकीदार मला रिकामी करत होते. दोन काडतुसं निघाली. तिसऱ्या वेळी मूठ पुढे गेली आणि हातोडी त्या घासलेल्या खाचेवरून निसटली. चापाला कुणी हातही लावला नव्हता. बादली फुटली. चौकीदारांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली.

चौकशी एका दुपारीच आटोपली. बोट बाहेर होतं, असं चौकीदार परत परत सांगत होते. व्यवस्थापक हसून म्हणाला, “बंदूक आपोआप उडते होय? उद्या सायकलही आपोआप घरी जाईल.” बंदूक कुणी उघडली होती का, असंही त्याला विचारलं गेलं. तो नाही म्हणाला. त्याच्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला, आणि मला उघडून बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. चौकीदारांच्या कागदावर ‘निष्काळजी’ असा शेरा पडला. त्या शेऱ्यापुढे त्यांना कुठेही पहाऱ्याचं काम मिळालं नाही. स्टुलावर बसून खोक्यांना चिठ्ठ्या चिकटवण्यात त्यांची नोकरीची उरलेली वर्षं गेली.

गोदाम बंद झाल्यावर व्यवस्थापकाने मला विकत घेतलं आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात टांगलं. पाहुणे आले की तो तीच गोष्ट सांगायचा, फक्त तिच्यात भर पडत जायची. पहिल्या वर्षी चौकीदार ट्रकच्या आवाजाने दचकले होते. नंतर मांजराला घाबरले. पुढे तर स्वतःच्याच सावलीला. पाहुणे पोट धरून हसत. मी काचेमागून ऐकत असे. माझ्यात एक जरी काडतूस असतं तर काय केलं असतं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लहान आहात.

माझ्या जातीच्या बंदुका बनणं थांबलं आणि मी दुर्मीळ झाले. संग्राहक माझी चौकशी करू लागले. ज्या बंदुकीचे सगळे भाग मूळचे आणि जिच्यात कुणी हात घातलेला नाही, तिला त्यांच्यात मोठा मान. तो मान मिळवण्यासाठी व्यवस्थापकाने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं: ‘ही बंदूक आजवर माझ्याखेरीज कुणीही उघडलेली नाही. अपघातानंतर तर मीही नाही.’

मग लिलाव ठरला आणि मला तपासायला एक बाई आल्या. धातूशास्त्र शिकलेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या. त्यांनी आपलं कार्ड दिलं. त्यावर त्यांचं नाव होतं, मध्ये वडिलांचं नाव, मग आडनाव. व्यवस्थापकाने ते मोठ्याने वाचलं आणि खिशात टाकलं. त्याला काहीच आठवलं नाही. सात वर्षं समोर उभ्या राहिलेल्या माणसाचं नाव त्याने कधी विचारलंच नव्हतं.

माझ्या क्रमांकावरून परवाना कचेरीच्या वह्या चाळत, जुन्या विक्रीच्या याद्या धुंडाळत त्या बाई चार वर्षांनी माझ्यापर्यंत पोहोचल्या होत्या. घाई त्यांना मुळीच नव्हती. आधी त्यांनी त्या कागदाखाली त्याची सही घेतली, तारीख घालायला लावली. मग त्याला गोष्ट सांगू दिली. त्या दिवशीच्या गोष्टीत चौकीदारांच्या अंगावर पाल पडली होती.

“कुठल्या पायाची बोटं गेली, साहेब?” त्यांनी विचारलं.

“आता ते कोण लक्षात ठेवतंय!”

“डाव्या,” त्या म्हणाल्या. “करंगळी आणि तिच्या शेजारचं.”

त्यांनी मला उघडलं. खटका पांढऱ्या कापडावर ठेवून भिंगाखाली धरला. कारखान्यात घासलेल्या पोलादावर सगळ्या रेघा एकाच दिशेने जातात. माझ्या खाचेवर त्यांना छेदणारे आडवे ओरखडे होते, आणि खाचेची निम्मी खोली गायब होती. बाईंनी ती तीन वेळा मोजली आणि फोटो काढले.

“अगं, स्पर्धेसाठी चाप जरासा हलका केला होता,” तो म्हणाला. “एवढ्याशाने असं होईल हे मला काय माहीत?”

“नसेल माहीत. पण चौकशीत तुम्ही बंदूक उघडलीच नाही म्हणालात. तेव्हा माहीत होतं.”

“किती वर्षं झाली त्याला. त्या माणसाला आता यातून काय मिळणार?”

“त्यांचं ते बघतील. मी माझ्यासाठी आले आहे.”

त्या लिलावघराचा नियम असा की तपासणीचा अहवाल मालकाने स्वतः सभेत वाचायचा. माघार घेतली तरी वाचायचा, म्हणजे खोट असलेला माल दुसरीकडे खपवता येत नाही. व्यवस्थापकाने दुसऱ्या कुणाला वाचायला सांगून पाहिलं. लिलाव चालवणारे गृहस्थ म्हणाले, “सही तुमची आहे ना? मग वाचा.” खुर्च्यांवर तीसेक माणसं होती, त्यांतली निम्मी त्याच्या दिवाणखान्यात हसून गेलेली. कुणी घासलं, केव्हा घासलं, त्याने काय झालं आणि ठपका कुणावर आला, हे सगळं त्याने वाचलं. आवाज इतका खाली गेला की शब्द कागदावरच राहिले.

मागच्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. बाई त्यांच्या शेजारी बसल्या होत्या.

“जरा मोठ्याने वाचा, साहेब,” ते म्हणाले. “मागे ऐकू येत नाही. पहिल्यापासून.”

त्याने पहिल्यापासून वाचलं. त्या वेळी हॉलमध्ये कुणीही हसलं नाही.

आता माझा खटका पुरावा म्हणून एका पाकिटात बंद आहे, आणि मी परवाना कचेरीच्या लोखंडी कपाटात सुटी पडले आहे. अपुऱ्या बंदुकीला कोणताही संग्राहक विचारत नाही. माझी कीव करू नका, मित्रांनो. मी अख्खी होते तेव्हा इतकी सुखी कधीच नव्हते. यंत्रांना तेल द्या, गंजू देऊ नका, आणि जे कळत नाही त्यावर कानस चालवू नका. चालवलीत, तर त्याच दिवशी कबूल करा. माणसावर ठपका ठेवायच्या आधी यंत्र उघडून बघा. कारण यंत्राला बोलता येत नसलं तरी कोणी कुठे घासलं, हे ते विसरत नाही. आणि माझ्यापुरतं विचाराल, तर मी माफही करत नाही.