सकाळी अकरा वाजता घरी कोण असतं?

रोज संध्याकाळी साडेपाचला एलेरी कुलूप उघडायची, दिवा लावायची आणि रिकाम्या घराला मोठ्यानं सांगायची, "आले गं बाई!" घर अर्थातच गप्प. नवऱ्यापासून वेगळी झाल्याला तीन वर्षं झाली होती. समोरची खुर्ची दिसू नये म्हणून तिनं जेवणाचं टेबलच भिंतीला लावलं होतं. तरीही घर खायला उठायचंच.

खरं तर ती डोंगरात, मेंढ्यांच्या शेतावर वाढलेली. वडील गेले, शेत विकलं आणि मेंढ्या राखणारी त्यांची लाडकी नेल कुत्री, ट्रेगारोन गावाच्या वर डोंगरात राहणाऱ्या त्यांच्या ओळखीच्या इद्वालकाकांकडे गेली. आता त्या नेलची नात फ्लॉस व्यायली होती. चार पिल्लं, आणि फ्लॉसचं हे शेवटचं वेत! ही बातमी ती नोकरी करायची त्या कौन्सिलच्या ऑफिसात कळली तेव्हा एलेरीनं चहाचा कप तसाच टेबलावर ठेवला. वडिलांच्या घरातलं जिवंत असं एवढंच काय ते उरलं होतं.

शनिवारी ती डोंगर चढून गेली. कोठीतल्या पेंढ्यात तीन पिल्लं झोपली होती. चौथं, एक कान पांढरा असलेलं, थेट येऊन तिच्या बुटावर बसलं. एलेरीचा जीव तिथेच अडकला.

"हा मोट," इद्वालकाका म्हणाले. "बस. चहा घे. तुझ्या घरी सकाळी अकरा वाजता कोण असतं?"

काका दोन वर्षांतून एकदाच पिल्लं होऊ देत आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला हा एकच प्रश्न विचारत. एलेरी सकाळी आठला बाहेर पडायची. पण बुटावर मोट बसला होता आणि तोंडातून शब्द निसटले, "मावशी असते ना."

"मावशी? तुझ्या आईला बहीण होती?"

"उत्तरेकडे, बाला गावात असायची. हल्लीच आलीये माझ्याकडे."

"छान झालं," काका म्हणाले. "पुढच्या शनिवारी मीच येतो पिल्लू घेऊन. मावशींशीही ओळख होईल."

ही त्यांची जुनीच रीत. पिल्लू ते आपल्या फाटकात कधी कुणाच्या हाती द्यायचे नाहीत. स्वतः कोटात घालून घेऊन जायचे, घर बघायचे, चहा प्यायचे; मन मानलं तर पिल्लू ठेवायचे, नाहीतर तेच कोटात घालून परत आणायचे. एलेरीला ही रीत लहानपणापासून ठाऊक होती. नेमकी तेव्हाच कशी विसरली कोण जाणे!

आता मावशी आणायची कुठून? शेजारच्या घरात ओल्वेनबाई राहायच्या. सत्तरी उलटलेल्या, विधवा. भिंतीपलीकडून त्यांचा रेडिओ ऐकू यायचा, आणि तीन वर्षांत "हवा गार आहे, नाही?" यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. एलेरीनं घरचा केक घेऊन त्यांचं दार वाजवलं आणि सगळी हकीकत सांगितली.

"म्हणजे मी बालाची मावशी व्हायचं? एका दुपारपुरती?" ओल्वेनबाईंचे डोळे चमकले. "अगं, सहा वर्षांत मला कुणी इतकं मजेशीर काही विचारलं नाहीये. येते!"

शनिवारी बाई ठेवणीतला जांभळा स्वेटर घालून, विणकाम घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. काका आले. कोटातून पांढरा कान डोकावत होता. त्यांनी मावशींकडे पाहिलं आणि क्षणभर थबकले. मग गंभीर चेहऱ्यानं खुर्ची ओढली.

"नमस्कार मावशी. बालाकडे काय म्हणतंय पाणी?"

"तळं भरलंय काठोकाठ," मावशी म्हणाल्या.

"लोकर काय म्हणते तिकडची?"

"लोकर? ती... मेंढ्यांच्या अंगावर आहे."

"असं का! मला वाटलं, तुम्ही इकडच्याच. गेल्या जन्मी असेल. तेव्हा तुमचे यजमान ग्लिन पेंडीचा ट्रक घेऊन वीस वर्षं माझ्या फाटकात यायचे. शेजारी तुम्ही बसायचात, आणि फाटक उघडं टाकलंत म्हणून माझ्या शिव्या खायचात!"

ओल्वेनबाईंचं विणकाम खाली पडलं. "अरे मेल्या इद्वाल, इतक्या वर्षांनीही ओळखलंस होय! आणि फाटक मी नव्हतं उघडं टाकलं, ग्लिननं टाकलं होतं!"

दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मोटही कोटातून भुंकला. एलेरी मात्र लाजेनं चूर झाली. सगळे सगळ्यांना ओळखणाऱ्या या मुलखात मावशी उसनी आणायची म्हणजे चर्चमधली घंटा चोरून गळ्यात बांधून फिरण्यासारखंच होतं!

हसू ओसरलं तसे काका उठले आणि मोटला आत ठेवूनच त्यांनी कोटाची बटणं लावली.

"काका, चुकलं माझं," एलेरी म्हणाली. "पण त्याला काही कमी पडू देणार नाही. उत्तम खाणं देईन, मऊ अंथरूण..."

"पोरी, खाणं आणि अंथरूण तुला नाही का? तरी तुला घर सोसवत नाही," काका शांतपणे म्हणाले. "मागच्या वेतातलं एक पिल्लू मी असंच भल्या घरी दिलं. माणसं चांगली, पण आठ तास बाहेर. वर्षानं कुत्रं परत आलं. दार कुरतडून ठेवलेलं, दिवसभर आपल्याच सावलीमागे गोल फिरायचं. लोक म्हणाले, वेडं आहे. वेडं नव्हतं गं, एकटं होतं! या जातीला डोळ्यांसमोर माणूस लागतं आणि हाताला काम लागतं. तुझा बाप नेलला पाच मिनिटं तरी एकटी ठेवायचा का?"

एलेरीच्या डोळ्यांसमोर वडील आले. बाजाराला गेले तरी शेजारच्या सीटवर नेल बसलेली असायची. तिला रडू फुटलं. आपला एकटेपणा घालवायला आपण तोच एकटेपणा या इवल्या जिवाच्या गळ्यात बांधायला निघालो होतो!

"घेऊन जा काका," ती म्हणाली. "तुमचं बरोबर आहे."

"थांब रे इद्वाल," ओल्वेनबाई कडाडल्या. "तू तुझा प्रश्न चुकीच्या बाईला विचारलास. मला विचार. सकाळी अकरा वाजता मी घरी असते. रोज. ग्लिन गेल्यापासून सहा वर्षं असते आणि रेडिओशी बोलते. मला कुणी विचारलं कधी?"

एलेरीनं बाईंकडे जणू पहिल्यांदाच पाहिलं. भिंतीच्या अलीकडे एक रिकामं घर आणि पलीकडे दुसरं, आणि मध्ये फक्त वीतभर विटा!

"मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

काकांनी पिल्लू त्या दिवशी ठेवलं नाहीच. "पंधरा दिवस देतो, नीट सोय करा," एवढंच म्हणाले. पण जाताना केकचा मोठा तुकडा खिशात घालून गेले.

पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा दोन परसांमधल्या कुंपणाच्या चार फळ्या निघाल्या होत्या आणि तिथं एक ठेंगणं फाटक बसलं होतं. ऑफिसातून एलेरीनं बुधवारची दुपार मोकळी करून घेतली होती. रविवारी दोघींनी मोटला घेऊन डोंगरावर यायचं आणि त्यानं काकांची बदकं हाकत मेंढ्या राखण्याचे धडे गिरवायचे, असंही ठरलं होतं. काकांनी फाटक दोनदा उघडून लावून पाहिलं.

"कडी चांगली आहे," ते म्हणाले. "ओल्वेन, हे तरी लावत जा!" आणि त्यांनी मोटला फाटकाच्या बरोबर मधोमध खाली ठेवलं.

सोमवारी एलेरीच्या ऑफिसात फोन वाजला. घड्याळात अकरा झाले होते.

"तुझ्या घरी आत्ता कोण आहे?" तिकडून गुरगुरता आवाज आला.

"कुणी नाही काका," एलेरी हसत म्हणाली. "मोट मावशीकडे आहे!"

त्या संध्याकाळी तिनं टेबल भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं, ओल्वेनबाईंना जेवायला बोलावलं आणि तीन खुर्च्या मांडल्या. तिसरीवर शेपूट हलवत कोण बसलं हे सांगायला नकोच.

तर मंडळी, घरी मुका जीव आणायचा विचार असेल तर अवश्य आणा. पण इद्वालकाकांचा प्रश्न आधी स्वतःला विचारा. आपला एकटेपणा घालवायला दुसऱ्या जिवाला एकटं पाडू नये. आणि उत्तर नाहीच सापडलं, तर थोडा केक घेऊन शेजारचं दार वाजवून पाहा.