मास्तरांबरोबर न पुरलेला पाय

मी एक जुना लाकडी पाय आहे, मित्रांनो. डावा. हसू नका! तुम्हाला दोन-दोन पाय आयते मिळालेत, म्हणून तुम्हाला हसू येतंय. मला तर एका दुपारी पेटीत घालून, वर झाकण ठोकून, कायमचं मातीखाली पाठवायला निघाले होते. ती दुपार आठवली की अजून माझे पट्टे आवळतात.

पण आधी माझी ओळख. एका म्हाताऱ्या सुतारानं मला घडवलं. तो कामापेक्षा खोकायचा जास्त, पण हात सोन्याचा! गुडघा टेकायला त्यानं मला वाटीसारखा कोरला, आत मऊ कातडं लावलं आणि मांडीला आवळायला दोन पट्टे दिले. मग मी गेलो टेलर मास्तरांकडे. गंजका खिळा लागून मास्तरांचा पाय काळा पडला होता आणि डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला होता. मास्तरांची बायको, जिला सगळी गल्ली माई म्हणते, तिनं दवाखान्यात दिसेल त्याला विचारलं, "आमच्या ह्यांचा पाय कुठं ठेवला हो?" कुणी धड उत्तर दिलं नाही.

माईला त्याचा घोर लागला. मास्तर देवभोळे ख्रिस्ती. मेलेली माणसं एक दिवस देहासकट उठणार, यावर त्यांचा पक्का विश्वास. माईचाही होता. पण पायाचं काय? मास्तर हसायचे. "अगं, ज्यानं मला पहिल्यांदा बेतलं, त्याच्याकडे माझं माप असेलच की!"

आम्ही दोघांनी मिळून मशीनचं पायडल चालवलं. उजवा पाय आणि मी. मास्तरांचं एक काम मात्र गावात दुसरं कुणी त्यांच्यासारखं करत नसे. मेलेल्या माणसाचे कपडे. अंग ताठलेलं असतं, कपडे चढवणं अवघड, म्हणून बाकीचे शिंपी कोट पाठीमागून उघडाच ठेवतात. मास्तर भडकायचे. "उठल्यावर काय पाठ उघडी टाकून उभा राहील तो देवासमोर? मला शिव्या घालेल!" ते कोट पुरा शिवायचे, अस्तरासकट. खिसेसुद्धा खरे. लोक माझंही कौतुक करायचे, म्हणायचे, काय छान चालता मास्तर, कळतसुद्धा नाही. मी फुगायचो. संध्याकाळी माई पट्टे सोडायची, मास्तर "हुश्श!" करायचे आणि मला कोपऱ्यात उभं करायचे. तेवढंच मला आवडत नसे.

मग मास्तर गेले. झोपेतच गेले, शांतपणे. मी कोपऱ्यात होतो. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मनात आलं, झालं आपलं, आता आपण चुलीत जाणार.

पण थोरल्या मुलानं मला उचललं. थोरला घरांना रंग देतो. अंगानं दांडगा. त्यानं दार लावून घेतलं, मला मास्तरांच्या मांडीला पट्ट्यांनी आवळलं आणि वरून मास्तरांनी स्वतःसाठी आधीच शिवून ठेवलेली काळी पँट चढवली. मी आत अंधारात गेलो, मित्रांनो, आणि खरं सांगतो, मला इतका आनंद झाला! मास्तर उठतील तेव्हा मीही उठणार. आता कोण मला कोपऱ्यात ठेवतंय?

पेटी पुढच्या खोलीत ठेवली. खोली माणसांनी गच्च भरलेली. कबरस्तानाच्या राखणदाराचा निरोप आला होता की माती भुसभुशीत आहे, खड्ड्याच्या कडा ढासळायला लागल्यात, वेळ लावू नका. चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. पेटी करणाऱ्या सुतारानं झाकण उचललं. तेवढ्यात माई पुढं आली आणि शेवटचं म्हणून मास्तरांच्या पायांवर हात ठेवायला वाकली. उजव्यावर ठेवला. डाव्यावर ठेवला. तिच्या बांगडीचा माझ्यावर टक्‌ असा आवाज झाला.

माईनं पँटवरून मला चाचपलं.

"हे कुणी केलं?" माईनं विचारलं.

"मी," थोरला म्हणाला.

"काढ."

"आई, माणसं खोळंबलीत."

"काढ म्हणते ना!"

सुतार झाकण हातात धरून तसाच उभा. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अहो, आटपा, तिकडं माती पडतेय!" माझा तर जीव टांगणीला लागला.

थोरल्याचा आवाज चढला. "लहानपणी पोरं बाबांना 'टकटक मास्तर' म्हणायची. मी मारामाऱ्या केल्यात त्याच्यासाठी. आज सगळ्या गावादेखत मी त्यांना लंगडं म्हणून मातीत घालू? नाही जमणार मला!"

"आणि हा बांधून लंगडं म्हणून उठवणार आहेस, ते जमतं?" माई म्हणाली.

थोरला पाळकसाहेबांकडे वळला. "तुम्हीच सांगा. प्रभू क्रुसावर मरून परत उठला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्याच ना? मग बाबाही तसेच उठले, एका पायाचे, तर? तेव्हा हा लागेल त्यांना."

पाळकसाहेबांनी घाम पुसला. प्रश्न सोपा नव्हता आणि त्यांनी तो सोपा केला नाही.

"खुणा होत्या," ते म्हणाले. "पण हात त्याचेच होते. मास्तरांच्या अंगावर काय राहील, काय जाईल, मला ठाऊक नाही. मी काही बघून आलेलो नाही. पण उठतील ते मास्तरच. नुसता आत्मा कुठंतरी तरंगत राहणार नाही, हाडामांसाचा माणूस उठेल, तुम्ही हाक मारली तर ओ देईल. एवढं मी घट्ट धरून बसलोय. राहता राहिला हा पाय. तो पेटीत असला काय नि नसला काय, देवाचं काही अडत नाही."

"मग राहू द्या की!" थोरला म्हणाला.

"देवाचं अडत नसेल. माझं अडतं," माई म्हणाली. आता ती रडत होती. "रोज संध्याकाळी हे पट्टे मी सोडायचे. खाली कातडी सोललेली असायची. वण बघितलेत का रे तू कधी? मी फुंकर घालायचे. ते म्हणायचे, थोडं सोस, उठायच्या त्या दिवशी तुला हे काम नाही. आणि आज मीच त्यांना आवळून पाठवू? त्यांच्या बोलण्यावर माझा भरवसा नाही का?"

मी त्या वणांना चिकटूनच होतो, मित्रांनो. मला ते ठाऊक होते. माझ्या म्हाताऱ्या सुतारानं कितीही मऊ कातडं लावलं तरी लाकूड ते लाकूडच. माझा सगळा ताठा उतरला.

थोरला खाली बसला. त्यानं पँटच्या कडेनं हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, पुन्हा एकदा फिरवला, आणि त्याचा चेहरा बदलला. मास्तरांच्या रोजच्या प्रत्येक पँटला डाव्या बाजूला मांडीजवळ बटणांची फट असायची, पट्टे सैल करायला. ह्या पँटला फट नव्हती. शिवण सलग होती. मास्तरांनी ती पँट दोन चांगल्या पायांच्या माणसासाठी शिवली होती.

"माझ्या लक्षातच आलं नाही गं," तो म्हणाला. मग घाईघाईनं, "कात्री द्या कुणीतरी! कापून काढतो. झाकणाखाली कोण बघतंय?"

"कापायचं नाही," माई म्हणाली. "उसवायचं. आणि परत शिवायचं."

बाहेर माणसं कुरकुरायला लागली. राखणदाराचा दुसरा निरोप आला. पाळकसाहेब स्वतः दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "थांबा. मास्तरांचं काम चाललंय." माईनं टाका टाका उसवला. थोरल्यानं पट्टे सोडले आणि मला बाहेर ओढलं. त्या खोलीत "हुश्श" कुणी केलं नाही, पण मला ते ऐकू आलं, शपथ!

मग माई शिवायला बसली. जमिनीवर, पेटीला टेकून. डोळ्यांना धार, सुई सारखी निसटत होती. थोरला दोरा ओवून देत होता. तिनं रिकामी बाजू दुमडली नाही, टाचली नाही. पूर्ण लांब, सरळ मांडली. मग म्हणाली, "बूट आण."

थोरल्यानं उजवा बूट आणला.

"दोन्ही."

तिनं उजवा बूट मास्तरांच्या पायात घातला आणि नाडी बांधली. डावा पँटच्या रिकाम्या टोकाशी ठेवला. त्याची नाडी मात्र तिनं सैल सोडली, बुटाची जीभ पुढं ओढून ठेवली.

"आई, नाडी?" थोरल्यानं विचारलं.

"त्यांची ते बांधतील," माई म्हणाली. "पाय घालायला जागा नको का?"

थोरल्यानं स्वतःच्या हातानं झाकण बसवलं. त्यांनी मास्तरांना नेलं, आणि मी खोलीत एकटा राहिलो. खड्ड्याच्या कडा तोवर टिकल्या, असं नंतर कळलं.

आता मी कपाटावर पडून असतो. माई आठवण झाली की पुसते, नाहीतर धूळ खातो. उठायचा दिवस आला तर मला कुणी उठवणार नाही, हे मला कळून चुकलंय. वाईट वाटतं, कशाला खोटं बोलू? पण मित्रांनो, तुमचे पाय माझ्यासारखे नाहीत. धुवा त्यांना, नखं कापा, अनवाणी खिळ्या-काचांत धावू नका, कुणाला लाथ मारायला तर मुळीच वापरू नका. जुने झाले की टाकून देऊ, असं समजू नका त्यांना. मास्तर सांगायचे, हेच परत मिळणार आहेत.