सहाशे बासष्ट वाक्यं

लॅपटॉप सुरू होत नाही, हे आईने मला फोनवर सांगितलं नव्हतं. मी घरी पोचले, बॅग ठेवली, तेव्हा म्हणाली, "तेवढं ते बघ गं जरा. बटण दाबलं तरी काहीच होत नाही. मलाच जमत नसेल."

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. गळ्याला पट्टी, मांडीवर छोटी पांढरी पाटी. त्यांनी लिहून पाटी माझ्याकडे वळवली. "काय शास्त्रज्ञ, पेशंट वाचेल का?"

"तपासू तर द्या आधी," मी हसून म्हणाले. चार्जर गेला असेल, असंच मला वाटत होतं.

त्या लॅपटॉपमध्ये बाबांचा आवाज होता.

बाबांनी तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. "क्लच दाबा, देवाचं नाव नंतर घ्या!" हे त्यांचं ओरडणं पुढच्या चौकापर्यंत ऐकू जायचं. त्यांचा आवाज बसला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्या ओरडण्यालाच दोष दिला. पण ती गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं आणि जिभेच्या मुळाचा काही भागही. त्यानंतर दुसऱ्या कुठल्या उपायाने बोलता येईल, अशी आशा डॉक्टरांनी दाखवली नाही. मीच शोधाशोध केली तेव्हा कळलं, की ऑपरेशनच्या आधी ठरावीक सातशे वाक्यं रेकॉर्ड करून पाठवली, तर त्यावरून माणसाचा कृत्रिम आवाज तयार करून मिळतो. मग फोनवर टाइप केलं की फोन त्याच्याच आवाजात बोलतो.

तीन आठवडे आम्ही पंखा बंद करून, खिडक्या लावून, घामाघूम होत बसायचो. बाबांना यादीतलं वाक्य सरळ वाचवत नसे. "उद्या दुपारी पाहुणे येणार आहेत," असं वाचून ते पुढे जोडायचे, "बोंबला!"

"बाबा, आहे तेवढंच वाचा ना. पुन्हा घ्यावं लागेल."

"घे पुन्हा. पाहुणे काही टळत नाहीत."

तीनशे वाक्यं झाली तरी पाठवता येतात, असं सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण अर्धवट नोंदी पुढे पाठवायच्या नाहीत, हे प्रयोगशाळेतल्या नोकरीत माझ्या अंगात मुरलेलं आहे. प्रत्येक वाक्य हेडफोन लावून ऐकायचं, हॉर्न वाजलेली, खोकला आलेली काढून टाकायची आणि मगच सगळी एकदम पाठवायची, असं मी ठरवलं. सहाशे बासष्ट वाक्यं झाली आणि हॉस्पिटलमधून फोन आला, की तारीख अलीकडे आली आहे, उद्याच भरती व्हा.

पुढे सगळं लांबत गेलं. ऑपरेशन, मग जखमेत पू, पुन्हा ऑपरेशन, किरणोपचार. मी नोकरीच्या गावाहून येत-जात राहिले, पण थेट हॉस्पिटलमध्ये. मध्ये एकदा आईने फोनवर विचारलं होतं, "त्या लॅपटॉपची बॅटरी उतरली तर आतलं जाईल का गं?"

"नाही जात. पण तुझ्या जिवाला घोर नको म्हणून चार्जरला लावून ठेव. आणि कोणी हात लावू नका. मी आले की करते."

असे साडेचार महिने गेले.

मी वही घेऊन बसले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहायची. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावला, तो पेटला. दुसरा चार्जर लावला, काही नाही. सगळं काढून बटण तीस सेकंद दाबून धरलं, काही नाही. खिडकीचे पडदे ओढून लॅपटॉपच्या स्क्रीनवर तिरका टॉर्च मारला. नुसता स्क्रीनमागचा दिवा गेला असेल, तर चित्र पुसट दिसतं. काही दिसलं नाही. कीबोर्डला कान लावला. आत पंखाही फिरत नव्हता.

बाबांनी पाटी पुढे केली. "क्लच दाबून बघ."

आई हसली, मी हसले. बाबांचे खांदे हलत होते. त्यांच्या हसण्याला आता आवाज नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

मग लक्षात आलं की लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाहीये. एका कोपऱ्यावर बोट ठेवलं की डुगडुगतोय. बोटं फिरवायची चौकोनी पट्टी मधून वर आली होती.

"आई, हा कुठे ठेवला होतास?"

"कपाटात. धूळ नको म्हणून माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून. वायर फटीतून आत घेतली होती. एक दिवस काढली नाही गं मी." औषधाची एक वेळ चुकवली नाही, हे सांगावं तशी ती म्हणाली.

मी चार्जर काढला. लॅपटॉप तसाच उचलला आणि दुरुस्तीच्या दुकानात गेले.

दुकानातल्या बाईंनी झाकण उघडलं. आत बॅटरी उशीसारखी फुगली होती. "सतत चार्जिंग, वर ऊब," त्या म्हणाल्या. "हिने खालून दाब देऊन बोर्ड वाकवलाय. बघा."

सूक्ष्मदर्शकाखाली मला तिळाएवढा एक काळा भाग दिसला. त्याला भेग होती, भोवती तपकिरी कडं. त्या भागाचं काम म्हणजे चिपला लागेल तेवढाच विद्युतदाब पुढे सोडणं. तो फुटला आणि सगळा विद्युतदाब थेट आत गेला.

"पण माहिती साठवायची चिप वेगळी काढता येईल ना?"

"ह्याच्यात ती बोर्डावरच डकवलेली असते. दाब गेला तो तिच्यातच." त्यांनी चष्मा काढला. "कोणी सांगितलं चार्जिंगला लावून ठेवायला?"

"मीच."

त्यांनी मला माहिती परत मिळवून देणाऱ्या एका प्रयोगशाळेचा पत्ता दिला. बोर्ड तिकडे पाठवला. एकोणीस दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. चिप वाचता येत नाही, क्षमस्व.

मी दोघांना समोर बसवून सांगितलं. आईने हातातल्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाली, "मी स्वेटर गुंडाळला म्हणून ना?"

"मी चार्जरला लावायला सांगितलं म्हणून. आणि तीनशे झाली तेव्हाच पाठवली नाहीत म्हणून."

"पण स्वेटरनेही."

मी नाही म्हणायला हवं होतं. "थोडं," मी म्हणाले.

आई उठून आत गेली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं सिग्नल तोडणाऱ्या शिकाऊ माणसाकडे पाहत असतील. मग त्यांनी पाटी पुसली आणि तिच्या मागे गेले. आतून थोडा वेळ फक्त पाटीवर पेन घासल्याचा आवाज येत होता आणि मध्येच आईचं, "उगीच काहीतरी लिहू नका हो."

मी तिघांचे फोन धुंडाळले. बाबांना आवाजी निरोप पाठवायचा कंटाळा. जे सापडले, त्यांत "हां", "पोचलो", "ठेवतो". सगळं मिळून एक मिनिट पन्नास सेकंद. त्यातही निम्म्यात आईच मधे बोलत होती. तेवढ्यावरून आवाज होत नाही.

शेवटी तयार आवाजांमधून एक निवडायचं ठरलं. पुरुषांचे सहा होते. रविवारी सकाळी आम्ही तिघं टेबलाशी बसून एकेक ऐकलं.

"हा विमा विकतोय," आई म्हणाली.

दुसऱ्याला बाबांनीच हात हलवून नकार दिला.

"हा नको. ह्याला कधी राग येईलसं वाटत नाही," तिसऱ्यावर आई म्हणाली.

चौथा जरा जाड होता. बाबांनी तो दोनदा ऐकला आणि पाटीवर लिहिलं, "चालेल. माणूस बरा वाटतो." आई चहा टाकते म्हणून आत गेली.

मी फोनवर तो आवाज बसवून दिला. बाबांनी एका बोटाने, अक्षर शोधत, टाइप केलं. मग स्वयंपाकघराच्या दिशेने फोन धरून बटण दाबलं.

"अगं, ऐकतेस का?" एक परका माणूस म्हणाला.

आत भांड्यांचा आवाज थांबला. आईने गॅस बारीक केला. मला दारातून ती दिसत होती. तिने हात पुसले, कानामागे केस सारखे केले आणि दाराशी कोणी आलं की येते, तशी लगबगीने बाहेर आली. समोर फक्त बाबा होते, फोन हातात घेऊन.

"हो," ती म्हणाली. "बोला."

बाबा पुढची अक्षरं शोधू लागले. ती उभी राहिली.