टेस्मरकाकांची टेकडी

टेस्मरकाकांच्या टेकडीवर पाईनशिवाय काही उगवत नाही, हे ते मला पहिल्या भेटीपासून ऐकवत आले. रान त्यांच्या आजोबांनी लावलेलं, काकांचं वय ब्याऐंशी, आणि हट्ट त्याहून जुना. मी या भागाची वनरक्षक. पलीकडच्या गावचं नुसत्या पाईनचं रान कोरड्या उन्हाळ्यात दोन दिवसांत जळून गेलं, तेव्हापासून मला या टेकडीची धास्तीच बसली होती. मधे ओक असले की जमिनीत ओल राहते, आग थबकते.

शेवटी पैज लागली. मी रानात खांबांवर ओकच्या बियांचे ट्रे ठेवायचे. निळ्या पंखांचे कावळ्याचे भाऊबंद त्या उचलतात, हिवाळ्यासाठी मातीत पुरतात आणि निम्म्या विसरतात. आमच्याकडे अशी फुकटात लावणी होते. पैजेनंतरच्या तिसऱ्या मे महिन्यात एक जरी ओक दिसला, तर काकांनी रान मिश्र करायचं. नाहीतर मी पुन्हा तोंड उघडायचं नाही.

ठरल्या दिवशी काका सॉसेज आणि बिअर घेऊनच आले. "तुमच्या हरण्याची मेजवानी!"

सात आठवडे पाऊस नव्हता. माथ्यावरची माती मुठीत वळायला घेतली, तर बोटांतून घरंगळली. ओकचं एक पान दिसेल तर शपथ.

"बाई, वाळूत पाईनच. तुमच्या पाखरांनासुद्धा कळतं."

मला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात काका "जरा आडोशाला जाऊन येतो" म्हणत उत्तरेकडच्या खळग्यात उतरले. बराच वेळ झाला, तरी वर येईनात.

"काका, बरं आहे ना?"

"तिथंच थांबा!"

म्हाताऱ्याला चक्करबिक्कर आली की काय, म्हणून मी धावले. काका पाय फाकवून, कोट दोन्ही हातांनी पसरून उभे होते, अंड्यांवरच्या कोंबडीसारखे. माझे बूट रुतायला लागले. इथं वाळूखाली चिकणमाती होती, सावलीत ओल टिकली होती.

"काय लपवताय?"

"कुठं काय!"

"बाजूला व्हा बघू."

"नाही होत जा."

मी पुढं पाऊल टाकलं.

"अहो, पाय! पाय उचला!" काका किंचाळले. "चिरडाल ना त्याला!"

मी एका पायावर थिजले. खाली वीतभर ओक होता. काका गुडघ्यांवर बसून त्याचं पान सरळ करू लागले, आणि ते आधी उभे होते तिथं आणखी चार दिसले.

"माथ्यावर पाईनच राहतील, सांगून ठेवतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पण इथं आजच कुंपण घाला. हरणं एका रात्रीत फस्त करतील पोरांना."