पद्मावतीच्या हातातला झारा

मित्रांनो, मी एक जुना झारा आहे. पद्मावतीच्या चुलीमागच्या भिंतीवर खिळ्याला लटकलेला असतो. माझी दोन भोकं गंजून एक झाली आहेत आणि माझी मूठ माझ्या अंगाला न शोभेल इतकी जाड आहे. घरात कुणी नवीन आलं की आधी त्या मुठीकडे बघून हसतं. हसू दे. मला त्या मुठीचीच हकिकत सांगायची आहे.

माझा जन्म कणकवलीजवळच्या नांदगावचा. कोकण रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा उरलंसुरलं लोखंड भंगारात यायचं. त्यातला एक तुकडा तिथल्या लोहाराने तापवला, ठोकून चपटा केला, भोकं पाडली आणि लांब लोखंडी दांडा जोडला. ठोकताना मला काही वाटलं नाही. लोखंडाला लागत नसतं. उगाच कुणी म्हणू नये की झाऱ्याने फार सोसलं. सोसायला आधी लागावं लागतं, हे एवढं लक्षात ठेवा.

कणकवलीच्या बाजारातून मला लवूने घेतलं. लवू मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका वाडीतला मच्छीमार. पद्मावती त्याची बायको. सकाळी ती पाटी घेऊन मासे विकायला जायची, आणि वाडीत काही कार्य असलं की वडे तळायला तिलाच बोलावणं यायचं. तिचा वडा टम्म फुगायचा. मी तेलातून तो उचलायचो आणि क्षणभर स्वतःलाच शाबासकी द्यायचो. माझा दांडा तापला की ती पदराचं टोक गुंडाळून मला धरायची. नंतर नंतर ती पदर गुंडाळेनाशी झाली. मला वाटलं, सवय झाली असेल. माझ्यासारख्या ठोंब्याला दुसरं काय वाटणार!

आता आमच्या वाडीतली एक रीत सांगतो. माघात देवीची जत्रा भरते. त्या दिवशी वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं असतं. पण पहिला वडा देवीचा, आणि त्याला लोखंड लावायचं नाही. तो माडाच्या हिराच्या, म्हणजे झावळीच्या पात्यातल्या ताठ शिरेच्या, दोन काड्यांनी उचलायचा. म्हणजे मी एवढा कामाचा, आणि नेमक्या मानाच्या वेळी मला केळीच्या पानाखाली झाकून ठेवायचे. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

अठ्ठ्याण्णव सालच्या जत्रेत पद्मावतीच्या हातातल्या काड्या निसटल्या. वडा पुन्हा तेलात पडला. आणि तिने सरळ बोटं उकळत्या तेलात घालून तो उचलला, नैवेद्याच्या पानावर ठेवला, आणि पुढचा वडा थापायला घेतला. तोंडातून ब्र नाही. जत्रेतली माणसं कढईभोवती गोळा झाली.

जत्रेचा सगळा स्वयंपाक हौसाबाईच्या देखरेखीखाली व्हायचा. वाडीत तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. ती पुढे आली आणि पद्मावतीचा हात उलटा-सुलटा करून म्हणाली, "देवीन तुझ्या हातार हात ठेवल्यान गो!" मग बायका पाया पडू लागल्या. पद्मावती तशीच उभी होती. तिला आनंद झाला का, भीती वाटली का, मला सांगता येणार नाही. तिचा चेहरा तेव्हा माझ्यासारखाच होता.

पुढच्या वर्षी काड्या कुणी आणल्याच नाहीत. पहिला वडा पद्मावतीने हाताने उचलायचा असं ठरूनच गेलं होतं. शेजारच्या गावांतून माणसं बघायला आली. तिने उचलला. लोकांनी हात जोडले.

त्या गर्दीत एक माणूस मात्र हात न जोडता तिच्या हाताकडे बघत होता. त्याचं नाव हरिश्चंद्र. सरकारी कुष्ठरोग तंत्रज्ञ. घरोघर फिरून लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासणं हे त्याचं काम. चार दिवसांनी सायकलवरून तो आमच्या दारात उतरला. खांद्याला पिशवी, खिशाला निळं पेन.

आधी तो कचेरीतलं मराठी बोलला. "आपली तपासणी करायची आहे," वगैरे. लवू-पद्मावतीला त्यातलं काही कळलं नाही. मग तो ओसरीवर बसला आणि म्हणाला, "वहिनी, डोळे मिट. मी पेन खंय टेकवतंय ता दुसऱ्या हाताच्या बोटान दाखव."

तिने डोळे मिटले. त्याने करंगळीवर पेन टेकवलं. ती थांबून राहिली. अनामिकेवर टेकवलं. ती थांबून राहिली. मनगटाजवळ टेकवलं. शेवटी तिनेच विचारलं, "कधी टेकवतलास?"

लवू हे सगळं बघत होता. त्याने खाली मान घातली.

बोटांच्या टोकांवर दोन फोड होते. जत्रेतलेच. तिला ते ठाऊकच नव्हते. कोपराजवळ एक फिकट चट्टा होता, शिबं असेल म्हणून ती त्यावर लिंबू चोळायची. करंगळी किंचित आत वळली होती. हरिश्चंद्रने कोपरामागची शीर चाचपली आणि रोगाचं नाव सांगितलं, कुष्ठरोग.

"रगतपिती?" लवू म्हणाला. मग तिच्या हाताकडे बघून, "म्हणजे देवीचा कायव नाय?"

"देवी खंय जावची नाय," हरिश्चंद्र म्हणाला. "पण ह्यो हात गेलो, तर परत येवचो नाय."

मग त्याने त्यांना दूरच्या एका देशाची गोष्ट सांगितली. नॉर्वे नावाचा देश, समुद्राकाठचं गाव, मासे मारून जगणारी माणसं. तिथेही हा रोग होता आणि लोक त्याला घराण्याचा शाप म्हणायचे. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या एका डॉक्टरने त्याचा जंतू शोधून काढला आणि शाप तिथेच संपला. आपल्याकडे पूर्वी कडू कवठी नावाच्या झाडाच्या बियांचं तेल काढून रोग्यांना टोचायचे. फार दुखायचं आणि गुण थोडाच यायचा. "आता गोळये आसत," तो म्हणाला. "बारा महिने खावच्यो. बरो होता."

जाता जाता त्याची नजर माझ्यावर पडली. "झारो ह्यो?" म्हणत त्याने मला खिळ्यावरून काढलं, दांडा चाचपला आणि पिशवीतून चक्क एक कानस बाहेर काढली. औषधांच्या पाकिटांबरोबर कानस घेऊन फिरणारा आरोग्यवाला मी दुसरा पाहिला नाही. लवूकडून त्याने भेंडीच्या, भाजीच्या नव्हे, खाडीकाठच्या झाडाच्या, लाकडाचा तुकडा मागून घेतला, तासला, पोखरला आणि माझ्या दांड्यावर ठोकून बसवला. वरून काथ्या गुंडाळला. मला मूठ मिळाली. म्हणाला, "जा हाताक कळना नाय, ता डोळ्यांनी बघूचा. रोज हात भिजव, खोबरेल लाव, आणि रात्री निजण्याआधी बोटा एक एक करून बघ."

ती तसं करू लागली. गोळ्यांनी तिचा रंग काळवंडला. मासे घ्यायला येणाऱ्या बायका विचारायच्या, ती म्हणायची ऊन लागलं. लवू वर्षभर जवळजवळ बोललाच नाही. दोघं जेवायची, भांडी घासली जायची, दिवा मालवला जायचा. त्या वर्षाबद्दल मला याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

मग दोन हजार सालची जत्रा आली.

हरिश्चंद्रने सांगितलं होतं की रोगाबद्दल कुणाला काही सांगायची गरज नाही. पण हात तेलात घालायचा नाही. पद्मावती मला घेऊन गेली. मी पानाखाली झाकलेला नव्हतो, तिच्या हातात होतो. पहिला वडा फुगला. हौसाबाई ओरडली, "गो, लोखंड नको! हात घाल!" गर्दी वाट बघत होती. कुणीतरी पोराला उचलून खांद्यावर घेतलं.

पद्मावतीने मला बाजूला ठेवलं. हात कढईवर नेला. मी खालून बघत होतो, तिचा तळवा वाफेत होता आणि मागे येत नव्हता. पुढे गेला असता तर मान राहिला असता. मासे विकले गेले असते. पाया पडणं चालू राहिलं असतं. एक वडा उचलायचा, एवढंच.

तिने हात मागे घेतला.

"माझ्या हाताक भाजलेला कळना नाय," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "ती देवीची किरपा नाय. रगतपिती आसा. बारा महिने औषध घेतलंय. आता माझ्यापासून कोणाक लागूचो नाय."

मला वाटलं, आरडाओरडा होईल. झाला नाही. माणसं हळूहळू मागे सरकली. पहिला वडा तेलात काळा पडला. त्या दिवशी हरिश्चंद्र तेवढा तिच्यासमोर बसून जेवला. बाकीचे वडे गार झाले.

पुढचा महिनाभर तिची पाटी भरलेलीच घरी यायची.

शिमग्यात घरच्यापुरते वडे केले. ती मला धरून तळत होती, लवू दारात जाळं विणत होता. वडा टाकताना तेल उडालं आणि तिच्या मनगटावर पडलं.

"आयऽऽ गो!"

मी हातातून सुटून जमिनीवर आदळलो. लवू धावत आला. ती मनगट धरून बसली होती, ओरडत होती, आणि हसतही होती. "अवो, लागला! माका लागला!" लवूने तिचं मनगट हातात घेतलं, तो लाल ठिपका बघितला, आणि तिथेच चुलीपुढे बसून तो माणूस हुंदके देऊन रडला. वर्षभर साठलेलं सगळं बाहेर आलं.

तो आवाज शेजारी गेला. हौसाबाई आली. तिने तो ठिपका बघितला, मनगट पाण्याखाली धरलं, बराच वेळ धरून राहिली. मग उठून घरी गेली. पण पुढच्या माघात ती स्वतः दारात आली आणि म्हणाली, "पद्मावती, झारो घेवन चल."

"लोखंड?"

"देवीक लोखंड चालना नाय, ह्यां देवीन खंय सांगल्यान? माझ्या सासवेन सांगल्यान. सासवेक कित्याक चालत नाय होता, ता तिकाच म्हायत."

मित्रांनो, त्या वर्षी देवीचा पहिला वडा मी उचलला. सगळे जेवले असं नाही. अर्धे जेवले. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडे.

आज दोन हजार दहा साल आहे. आता नवा स्टीलचा झारा आला आहे, त्यालाही जाड मूठ करून घेतली आहे. पद्मावतीची दोन बोटं वाकडी राहिली. त्यांना अजून काही कळत नाही. मनगटाला आणि अंगठ्याच्या मुळाशी कळतं. हरिश्चंद्र नोकरीतून निवृत्त झाला, तरी माघात येतो, तेच निळं पेन काढतो, आणि आधी हात बघून मग वडे खातो.

मला अजूनही काही लागत नाही. मी लोखंड आहे, माझं ठीक आहे. पण तुमच्या अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथे चिमटा लागत नसेल, तर लपवू नका, दवाखान्यात जा. आणि जिथे माणसाने ओरडायला हवं, तिथे कुणी गप्प उभं असेल, तर त्याच्यापुढे हात जोडू नका. आधी त्याचा हात हातात घेऊन बघा.