शिवकन्येची मुलाखत

पोरींना नोकऱ्या लावून देणं माझ्या कामात कुठेच बसत नाही. मी तीर्थपुरीच्या शाळेत विज्ञान शिकवते. पण बारावी झालेली एखादी पोर दारात येऊन "बाई, कुठं काही काम हाय का?" असं विचारते, तेव्हा मला गप्प बसवत नाही. हा माझा रोगच आहे म्हणा. नवरा म्हणतो, पाटी लावून टाक दारावर. त्याला काय जातं म्हणायला!

शिवकन्या अठ्ठ्याण्णव साली बारावी सायन्स पास झाली. बद्रीनाथरावांची थोरली. पोर हुशार, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. पुढे शिकवायला घरचे तयार नव्हते आणि परतूरचे पाहुणे तिला बघून गेले होते. बद्रीनाथरावांच्या ओट्यावर जाऊन जाऊन माझ्या चपला झिजल्या. शेवटी एक दिवस ते वैतागले.

"बाई, तुमचं बी आन् माझं बी ऱ्हाऊ द्या. नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार न्हाई. न्हाई लागली तर दिवाळी झाली की बार उडवून देतो. मंग तुम्ही मधी पडायचं न्हाई."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

माझा मावसभाऊ संपत जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत आहे. तिथल्या प्रयोगशाळेत बी ओल्या कागदात गुंडाळून ठेवतात आणि त्यातलं किती उगवलं ते मोजतात. त्या कामाला त्यांना एक मुलगी हवी होती. राहायची सोय संपतच्याच घरी, जुन्या जालन्यात. त्याची बायको आनंदाने तयार झाली होती. "फक्त पोरगी धीट पाहिजे," संपत म्हणाला, "आमच्या साहेबाला लाजरीबुजरी माणसं चालत नाहीत."

झालं, मी शिवकन्येला धीट करायला घेतलं. शाळा सुटली की ती माझ्याकडे यायची. मी खुर्चीत साहेब होऊन बसायची आणि ती समोर उभी. नाव विचारलं की पायाच्या अंगठ्याकडे बघून सांगायची. "जालन्यात राहाल का?" विचारलं की म्हणायची, "आबांना इच्यारून सांगते." "पगार किती हवा?" "आबा सांगतील." मी कपाळावर हात मारून घ्यायची.

"अगं, नोकरी आबांना करायची आहे का तुला?"

"मला."

"मग मी म्हण की! मी राहीन, मी करीन, मी शिकेन."

हे 'मी' तिच्या तोंडात बसायला श्रावण गेला. पण एकदा बसल्यावर पोर फुलली हो. हे काम का करावंसं वाटतं, या प्रश्नाला मी तिला पाठ करायला एक उत्तर लिहून दिलं होतं. ते बाजूला ठेवून ती म्हणाली, "आमचे आबा पेरणीच्या आधी बी ओल्या गोणपाटात बांधून ठेवतात. उघडायच्या आधीच मी चोरून बघते. कोंब दिसला की मला लई भारी वाटतं. दिसला न्हाई तर का न्हाई आला ते कळत न्हाई, ते मला कळून घ्यायचंय." मी ऐकतच राहिले. म्हटलं, हेच सांग, अगदी असंच सांग. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघींनीच सकाळच्या एसटीने जायचं ठरलं होतं. मी स्टँडवर उभी होते. बस आली आणि गेली, पण शिवकन्येचा पत्ता नाही. आणि तेवढ्यात समोर येऊन थांबली एक जीप.

पुढे फेटा बांधलेले बद्रीनाथराव. त्यांच्या शेजारी सरपंच. मागे बद्रीनाथरावांचे भाऊ भुजंगराव, शिवकन्येची आत्या द्वारकाबाई, आणखी भावकीतली चार माणसं, आणि या सगळ्यांच्या मधे दबून बसलेली शिवकन्या. कुणाच्या मांडीवर नारळ, कुणाच्या हातात टॉवेल-टोपीची पिशवी.

"बसा बाई," बद्रीनाथराव म्हणाले. "म्हणलं एसटीनं कुठं जाता? पोरीचं पह्यलंच काम हाय."

"अहो, पण मुलाखत तिची आहे. एवढी माणसं कशाला?"

भुजंगराव मागून बोलले, "पोरगी काय उघड्यावर पडलीय का बाई? मागं माणसं हायेत हे दिसाया नको त्या सायबाला?"

मला खूप काही बोलायचं होतं. पण मी बद्रीनाथरावांकडे बघितलं. चार महिने नाही नाही म्हणणारा हा माणूस सकाळी उठून दाढी करून, ठेवणीतलं धोतर नेसून आला होता. लेकीची नोकरी त्याने मनाला लावून घेतली होती. त्याच्या घरात चांगलं काम असंच होत आलं होतं, चार माणसं घेऊन, नारळ घेऊन. त्याला उतरा म्हणायला माझी जीभ रेटेना. मी द्वारकाबाईंच्या शेजारी अंग चोरून बसले. जालना येईपर्यंत मनाशी म्हणत होते, निदान फाटकाबाहेर थांबवू सगळ्यांना.

कसले थांबतात! वॉचमनला सरपंचांनी दंडाला धरून बाजूला केलं, तेही हसत हसत, मायेने. व्हरांड्यात बाकावर एक मुलगी मांडीवर पिशवी ठेवून एकटीच बसली होती. ती दचकून उठली आणि आमच्या माणसांनी तो बाक भरून टाकला. संपत आतून धावत आला. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं.

साहेब पन्नाशीचा, शांत माणूस. त्याच्या खोलीत आम्ही सगळे शिरलो. भुजंगरावांनी त्याला टोपी घातली, बद्रीनाथरावांनी टॉवेल आणि नारळ दिला. मग सरपंचांनी हात जोडले.

"सायेब, आमची लेक तुमच्या पदरात टाकली. काही कमीजास्त झालं तर आख्खं गाव हाय मागं. निस्ता निरोप धाडा, बिलकुल वेळ लागणार न्हाई."

शिवकन्या कोपऱ्यात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच खुणावलं, बोल, पुढे हो, बोल. तिने तोंड उघडलंही, पण द्वारकाबाईंनी तिचा पदर डोक्यावर ओढला आणि हळूच म्हणाल्या, "मोठी माणसं बोलून राह्यलीत, गप ऱ्हाय."

साहेबाने सगळ्यांना चहा मागवला. स्वतः उठून सरपंचांना कप दिला. किती एकर, पाऊसपाणी कसं, सगळी विचारपूस केली. जाताना हात जोडून म्हणाला, "कळवतो मी." आमची माणसं खूश होऊन बाहेर पडली. मी मागे राहिले.

"साहेब, पाच मिनिटं मुलीशी बोला. एकटीशी. फार तयारीची आहे हो."

त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. "असेल बाई. पण उद्या उशिरा आली म्हणून मी तिला दोन शब्द बोललो, तर हीच जीप परत येईल. गेल्या वर्षी अशीच एक आली होती, दुसऱ्या गावाची. मला नाही जमायचं ते."

"तिचा काय दोष यात?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "म्हणून तर चहा पाजला."

त्याचा राग यावा तर माणूस खोटं बोलत नव्हता. बद्रीनाथरावांचा यावा तर त्यांनी जीव तोडून केलेलं हे सगळं. कुणावर ओरडू ते कळेना. डोळ्यांत पाणी आलं ते पुसत वळले, तर दारात शिवकन्या, मला बोलवायला आलेली. तिने सगळं ऐकलं होतं. बाहेर बाकावरच्या त्या एकट्या मुलीला आत बोलावलं, तेव्हा तिला वाट द्यायला शिवकन्या बाजूला सरकली.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये नुसता कल्ला होता. सायेब कसा उठून उभा राहिला, सायेबाने कप कसा हातात दिला. अंबडला बद्रीनाथरावांनी जीप थांबवली आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

"आबा," शिवकन्या म्हणाली, "मला त्यायनं एकबी प्रश्न इच्यारला न्हाई."

"इच्यारायचं काय त्याच्यात? माणसं बघितली की घर कळतं."

मी पेढा हातात धरून बसले होते. सांगून टाकावं असं फार वाटत होतं, पण धीर होईना. पोरींना धीट करणारी मी! शेवटी एवढंच म्हटलं, "बद्रीनाथराव, साहेब कळवतो म्हणालेत. अजून नक्की नाही."

द्वारकाबाई पेढा तोंडाशी नेता नेता थांबल्या.

"कळवतो म्हणला?" त्यांनी भावाकडे बघितलं. "बद्री, मागं मंठ्याच्या पाव्हण्यायला आपण बी चहापाणी केल्तं. कप हातात देऊन कळवतोच म्हणलो व्हतो."

स्थळ नाकारायचं असलं की आमच्याकडे असंच करतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. प्रत्येकाने कधी ना कधी ते केलेलं होतं. भुजंगराव खिडकीबाहेर बघू लागले. सरपंचांनी खाकरून घसा साफ केला. बद्रीनाथराव उघडा पुडा मांडीवर घेऊन तसेच बसले. मग त्यांनी मान वळवली.

"बाई, खरं सांगा. आम्ही आल्तो नसतो तर लागली असती का?"

आयुष्यात मी पोरांना हजार प्रश्न विचारले असतील. मला कुणी असा विचारला नव्हता. मी तोंड उघडलं, पण बोलली शिवकन्या. मान वर करून, थेट बापाच्या तोंडाकडे बघत, मी शिकवलं होतं अगदी तसं.

"न्हाई आबा. ती जागा आधीच भरल्याली व्हती. मी स्वतः इच्यारलं."

बद्रीनाथरावांनी मोठा श्वास सोडला. "मंग ठीक हाय," ते म्हणाले. फेटा काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवला. "नशिबात नव्हतं. परतूरच्या पाव्हण्यायला निरोप धाडावा लागंल आता."

"धाडा," ती म्हणाली. मग तिने पुड्यातला एक पेढा उचलून त्यांच्या हातावर ठेवला आणि ते खाईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली.