बशी सांगेल तेव्हा उतरवावा

मित्रांनो, कप नसलेल्या बशीला कुणी विचारत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तो गैरसमज आधी काढून टाका. मी एक जुनी पांढरी बशी आहे. काठावर निळी रेघ आहे आणि एका जागी टवका उडालेला आहे. माझा कप काका-काकूंच्या संसाराच्या पहिल्याच वर्षी काकांच्या हातून फुटला. काका प्लंबर. पान्याशी त्यांचं छान जमायचं, कपाशी नाही. काकूंनी कपाचे तुकडे गोळा केले, मला मात्र टाकलं नाही. "हिला दुसरं काम देते," असं म्हणून त्यांनी मला फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिलं. तेव्हापासून माझा मुक्काम तिथेच आहे.

माझं काम वर्षातून एकदाच निघायचं, पण त्या दिवशी माझ्यावाचून पान हलत नसे. उन्हाळ्यात जर्दाळू पिकले की काकू दोन टोपल्या भरून आणायच्या. एकेक फळ बोटांनी उघडून बी काढायच्या, साखर पेरून झाकून ठेवायच्या, आणि सकाळी लिंबू पिळून मोठ्या पातेल्यात शिजत घालायच्या. शेजारच्या शेगडीवर काचेच्या बरण्या उकळत असायच्या. जॅम खदखदू लागला की मला बोलावणं यायचं. माझ्या गार अंगावर काकू एक थेंब टाकायच्या, थोडं थांबायच्या आणि तर्जनीने तो हळूच ढकलायच्या. थेंब नुसताच पळाला तर म्हणायच्या, "अजून नाही." त्याच्यावर बारीक सुरकुती पडली तर म्हणायच्या, "जमला. उतरवते." दोन थेंब, फार तर तीन. तेवढ्यात निकाल लागायचा. मग त्यांची लेक मला चाटून पुसून लख्ख करायची, आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

भरलेल्या बरण्या झाकणं लावून पुन्हा उकळायच्या आणि मग फडक्यावर ओळीने मांडायच्या. गार होताना त्यांची झाकणं टक् आवाज करून आत बसायची. काका खुर्चीत बसून ते आवाज मोजायचे.

"एकोणीस झाल्या गं! एक राहिली!"

"म्हणजे तुमचं फावलं," काकू म्हणायच्या. न बसलेल्या झाकणाची बरणी आधी संपवावी लागते, आणि ते काम काकांकडे असायचं.

एकदा लेकीने कृती लिहून मागितली. काकूंनी वहीत सगळं मापासकट लिहिलं. किती वेळ शिजवायचं ते मात्र लिहिलं नाही. शेवटची ओळ होती, "बशी सांगेल तेव्हा उतरवावा." ते वाक्य ऐकून मी किती फुगले होते म्हणून सांगू! पण खरं सांगते मित्रांनो, मी काहीच सांगत नव्हते. सांगायचं ते काकूंचं बोट.

लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. काकांचे केस पिकले. आणि मग तो उन्हाळा आला, ज्याची आठवण मला नको असते.

त्या दिवशी काकूंनी माझ्यावर थेंब टाकला आणि त्या झाकणं पुसायला वळल्या. परत आल्या, थेंब टाकला, खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. पुन्हा आल्या, पुन्हा टाकला. मी मनातल्या मनात ओरडत होते, काकू, बोट लावा ना! पातेल्यातला जॅम आधी दाटला, मग तपकिरी झाला, मग तळाला लागला. काका कामावरून आले ते थेट त्या जळक्या वासात.

"अगं, लक्ष कुठे असतं तुझं? हा जॅम आहे की डांबर?"

काकू पळी धरून उभ्या होत्या. "मी बघतच होते हो," त्या म्हणाल्या. "अजून जमला नव्हता."

काका तणतणत ओटा आवरू लागले. मला धुवायला त्यांनी नळ सोडला आणि तसेच थांबले. माझ्यावर अकरा थेंब होते. एकालाही बोट लागलेलं नव्हतं. काकांनी ते मोजले, मग पुन्हा मोजले. झाकणं मोजताना त्यांना कधी दोनदा मोजावं लागलं नव्हतं. नळ वाहत राहिला आणि ते स्टुलावर बसले.

"फळंच वाईट निघाली असतील," ते म्हणाले. "तुझी काही चूक नाही."

"मग तुम्ही ओरडलात का?" काकूंनी विचारलं. काका उठून पुन्हा नळापाशी गेले. त्यांनी मला धुतलं, पुसलं, स्वतःचे डोळे मात्र पुसायचे राहून गेले.

पुढे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. काकू आधी दिवस विसरल्या, मग लेकीचं नाव, मग घर. त्यानंतर काका त्यांच्यावर कधीही ओरडले नाहीत.

दोन वर्षांनी काकांनी स्वतःच जर्दाळू आणले. वही उघडून ओट्यावर ठेवली, काकूंना खुर्चीवर बसवलं. सगळं जमलं, पण शेवटच्या ओळीपाशी गाडं अडलं. त्यांनी थेंब टाकून बोट लावलं. गरम पाइप धरून धरून त्यांची बोटं राठ झालेली, त्यांना काय कळणार? तेव्हा त्यांनी मला काकूंसमोर धरलं, त्यांचं बोट हातात घेतलं आणि थेंबावर टेकवलं.

"अजून नाही," काकू म्हणाल्या.

काका दचकले. दुसरा थेंब टाकला. "अजून नाही." तिसऱ्या थेंबावर बोट सावकाश पुढे गेलं, त्याच्यामागे सुरकुती पडली, आणि काकू म्हणाल्या, "जमला. उतरवा."

चौदा बरण्या झाल्या. चौदाही झाकणं टक् करून बसली. काकूंनी काकांकडे नीट बघितलं. "तुम्ही नळ दुरुस्त करायला आलात ना?"

"हो बाई," काका म्हणाले.

"मग एक बरणी घेऊन जा. घरी बायको असेल ना? तिला द्या."

"देतो," काका म्हणाले. "तिला फार आवडतो."

त्या दिवशी काकांनी मला धुतलं नाही. तिसरा थेंब आणि त्यातली ती बोटाची रेघ तशीच ठेवून त्यांनी मला बर्फात ठेवलं. हिवाळ्यात काकू गेल्या. त्यानंतर काका रोज सकाळी कप्पा उघडायचे, माझ्याकडे बघायचे आणि हळूच दार लावायचे. मी तो थेंब जिवापाड जपला. मला आयुष्यात दुसरं काही जपायला मिळालंच नव्हतं.

गेल्या महिन्यात लेक आली. बापाचं घर आवरून द्यावं म्हणून तिने फ्रीज बंद केला आणि सगळं बाहेर काढलं. "बाबांनी ही तशीच खरकटी ठेवलीय," असं म्हणून तिने मला नळाखाली धरलं. तिचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. साबणाच्या दोन हातांत ती रेघ निघून गेली.

काका दारात आले. ओट्यावर मला चकाकताना पाहून त्यांनी चौकट धरली. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते काय होतं हे मला माहीत आहे, कारण तसंच एक वाक्य त्यांच्या तोंडून मी पूर्वी ऐकलं आहे.

"काय हो बाबा?" लेकीने विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "चांगली घासलीस. तुझं लक्ष असतं."

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी बशी आहे, फुटेपर्यंत टिकेन. पण तुमच्या घरात कुणी एकच गोष्ट अकरा वेळा करू लागलं, तर ओरडण्याआधी एकदा मोजा. आणि कुणाचं काही जपून ठेवलं असेल तर घरच्यांना सांगून ठेवा, म्हणजे ते चुकून धुतलं जाणार नाही.

मी पुन्हा बर्फात आहे. काका अजूनही सकाळी कप्पा उघडतात. मी अगदी स्वच्छ आहे, आणि ते तरीही बघतात.